वड, मगर आणि विद्यापीठ



साहित्याच्या व्यासपीठावर जीवशास्त्र कशाला, असे कोणी विचारील. बडोदेकराने तरी विचारू नये. १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या सयाजीरावांच्या नावाने १९४९ मध्ये येथे विद्यापीठ उभे राहिले. त्यात वनस्पतिशास्त्राचा विभाग आहे, प्राणिशास्त्राचाही आहे.

आपल्या घरांत मात्र जीवशास्त्र म्हणजे डॉक्टर होण्याची पायरी. तो प्रवेश हुकला की मुलगी वनस्पतिशास्त्राकडे वळते, आणि पाहुण्यांना हे सांगताना आईचा आवाज खाली येतो. तो का खाली यावा, एवढेच मला आज विचारायचे आहे.

आपल्या शहराचे नावच वडाशी जोडले जाते. ज्येष्ठी पौर्णिमेला आपल्याकडे वडाला सूत गुंडाळतात. तरी वडाला फूल येत नाही, असे आजही ऐकू येते. फुले येतात, आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोटात ती दडलेली असतात. चिलटाएवढी एक माशी आत शिरून परागण करते. ती नसेल तर वडाला बी धरत नाही. इतकी वर्षे पूजा करून आपल्याला हे दिसले नाही. फळ कापून भिंगाखाली धरणाऱ्याला दिसले.

आता विश्वामित्रीकडे या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत आल्या, तेव्हा आपण घाबरलो. साहजिकच होते. पण मगर नदीच्या काठात बीळ करते, मातीत अंडी घालते, आणि पिल्लू नर की मादी हे घरट्याच्या उबेवर ठरते. तेव्हा काठ सिमेंटने बांधायचा की मातीचा ठेवायचा, हे एकट्या इंजिनिअरने कसे ठरवावे? मगरीचे जीवन जाणणारे माणूस त्या बैठकीत हवे, आणि ते विद्यापीठातल्या अशा विभागातच घडते.

वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह असतो. कागदावर डहाळी, खाली जागा आणि तारीख. माळावर सोसायटी उभी राहते; तेथे पूर्वी काय उगवत होते, याची साक्ष तो कागद देतो. जुनी दफ्तरे जपणारी माणसे आपण. हेही दफ्तरच आहे.

म्हणून विनंती एवढीच. नात जीवशास्त्र घेते म्हणाली, तर “पुढे काय?” हे विचारण्याआधी “काय पाहिलेस?” असे विचारा. आणि पाहुण्यांना सांगताना आवाज मोकळा ठेवा.