विष वाडीत कोणत्या वाटेनं येतं?

(रोहा तालुक्यातल्या बैठकीत केलेलं भाषण)



दळीच्या जमिनीसाठी आपण मोर्चे काढतो. पण माणूसच आजारी पडला तर ती कसणार कोण? म्हणून आज रसायनांवर बोलते. विष अंगात तीन वाटांनी शिरतं: तोंडातून, नाकातून आणि कातडीतून. तिसरी वाट आपण विसरतो.

पहिलं, पिंप. कारखान्यातून भंगारात आलेले निळे पिंप, पांढरे कॅन स्वस्त मिळतात, पाणी जास्त मावतं, म्हणून बाया घेतात. आत आधी काय होतं ते विकणाराही सांगत नाही. प्लास्टिक रसायन शोषून घेतं. राखेनं घासलं, वास गेला, तरी विष गेलं असं नाही. त्यात पिण्याचं पाणी, तांदूळ, मीठ ठेवू नका.

दुसरं, फवारणी. बागवाल्याच्या आंब्यावर पंप आपणच मारतो, तोही उघड्या अंगानं. वाचता येत नसलं तरी डब्यावरचा रंग बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवाही विषच आहे. वाऱ्याकडे तोंड करून मारू नका. बिडी, भाकरीआधी साबणानं हात धुवा. कोणाला चक्कर, उलटी झाली तर कपडे काढून अंग धुवा आणि डबा दवाखान्यात सोबत न्या. नाव बघूनच डॉक्टर उतारा ठरवतो. रिकामा डबा घरी आणू नका. फोडून, पाण्यापासून लांब पुरायचा.

तिसरं, खाडी. धाटावचे कारखाने कुंडलिकेच्या काठी आहेत. आपल्या बाया कमरेएवढ्या पाण्यात मासे, चिंबोऱ्या पकडतात. पाण्याचा रंग-वास बदलला, मासे मरून तरंगले, की बाहेर या, अंग धुवा. तो मासा खाऊ नका, विकू नका. तारीख, वेळ, जागा लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार द्या, पोच घ्या.

आता कोणी म्हणेल, मासा सोडला तर रात्री खायचं काय? बरोबर आहे. नुसतं ‘जपा’ म्हणून भागत नाही. वाडीत नळ नाही म्हणून पिंप येतो. जमीन नावावर नाही म्हणून दुसऱ्याच्या बागेत पंप मारावा लागतो. १९८४ साली भोपाळला गॅस सुटला, तेव्हा कारखान्याला लागून असलेल्या झोपड्यांतली माणसं सगळ्यात जास्त मेली. गरिबाला जागा कुठे मिळते, हा जमिनीचाच प्रश्न आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीनं आपल्याकडचे पिंप मोजून आकडा आणावा. तोच आकडा घेऊन पंचायतीकडे नळ मागू. बागवाल्याकडे हातमोजे आणि साबण मागितल्याशिवाय पंप उचलायचा नाही.

जिंदाबाद!