मूत्राशयाचा कर्करोग: मार्कर एक, अर्थ दोन

मी सिग्नल्समधून निवृत्त झालेला कर्नल, मुक्काम महू. डॉक्टर नाही, पेशंट आहे, हे आधीच सांगतो.

६१व्या वर्षी एका सकाळी लघवी लाल झाली. दुखलं-खुपलं काही नाही. आदल्या रात्री बीटाची कोशिंबीर खाल्ली होती, तिच्यावर ढकललं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच, आणि तेव्हा घरात बीट नव्हतं. मेडिकल चुकवलं म्हणून जवानांना झापणारा मी, माझे तीन महिने गेले. न दुखता लघवीतून रक्त गेलं, अगदी एकदाच, तरी यूरॉलॉजिस्टकडे जा. सिगारेट ओढणाऱ्यांनी तर लगेच. धुरातली विषं मूत्रपिंडातून गाळली जाऊन मूत्राशयात तासन्‌तास साचतात. मी २७ वर्षं ओढली.

दुर्बिणीने गाठ खरवडून काढली. मुलगा बंगळुरूला असतो, त्याच्या आग्रहाने जनुकीय तपासणीही केली. या टप्प्यावर ती सरसकट करत नाहीत. रिपोर्ट आला: एफजीएफआर-३ या जनुकात बदल आहे. मुलाने रात्रभर नेट चाळलं आणि सकाळी फोनवर रडायलाच लागला. "बाबा, हे असलेले लोक औषध घेऊनही बाराच महिने जगतात." हिने फोन घेतला आणि त्याला आधी चहा प्यायला लावला.

आकडा खोटा नव्हता. एर्डाफिटिनिब हे औषध नेमकं या बदलावर काम करतं. २०२३च्या एका चाचणीत ते घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १२.१ महिने होतं, केमो घेणाऱ्यांचं ७.८. मध्यक म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले. पण ते सगळे पेशंट रोग शरीरभर पसरलेले आणि आधीचे उपचार हरलेले होते. हाच बदल वरवरच्या गाठीत सापडला तर बहुधा बरं लक्षण समजतात. अशी गाठ पुन्हा पुन्हा उगवते, पण खोलवर घुसण्याची शक्यता कमी. नकाशा बरोबर होता हो, मुलगा उभा दुसऱ्याच ठिकाणी होता.

आमच्या डॉक्टरांना जनुकापेक्षा वेगळीच काळजी. पहिल्या तुकड्यात मूत्राशयाचा स्नायूच आला नव्हता. स्नायू नसेल तर रोग त्यात शिरलाय की नाही हे कळणार कसं? आणि शिरला असेल तर सगळा उपचारच बदलतो, कधी मूत्राशय काढावं लागतं. महिन्याभरात पुन्हा खरवडलं. या वेळी स्नायू आला, आणि तो स्वच्छ होता. तो रिपोर्ट हातात घेताना माझे हात थरथरत होते, सीमेवर कधी थरथरले नव्हते इतके.

मग सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा, मूत्राशयात बीसीजी. हो, बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस. आत सोडून दोन तास धरून ठेवायची. सोपं नाही, प्रोस्टेटवाल्यांना विचारा.

तुमच्या रिपोर्टमध्ये स्नायूचा उल्लेख आहे का, ते आजच बघा. माझी पुढची दुर्बीण मंगळवारी आहे.