खेडे हाच घटक : आरोग्याच्या हिशेबातही

(सीमाभागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही चार सूत्रे आपण व्यासपीठांवरून इतक्या वेळा ऐकली आहेत की, ती आपल्या मुलाबाळांनाही मुखोद्गत झाली असतील. आंध्र आणि मद्रास यांच्यामधील सीमातंटा सोडविताना पाटसकरांनी जे तत्त्व मानले तेच आम्हांस लावा, ही आपली मागणी होती व आहे. तो वाद २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याविषयी मी आज बोलणार नाही. मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, जे सूत्र आपण नकाशाला लावू इच्छितो, ते आपल्या गावातील ताप, बाळंतपणे आणि बालमृत्यू यांच्या हिशेबाला आपण स्वतः तरी कधी लावले आहे काय?

सरकारी हिशेब जिल्ह्याचा असतो. २०११ च्या शिरगणतीत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लक्ष ७९ हजार भरली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने देशातील ७०७ जिल्ह्यांत मिळून सुमारे ६ लक्ष ३७ हजार घरांना भेटी दिल्या. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरे. एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना करण्यास ही पाहणी उत्तम आहे आणि तिला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु तिच्यात तालुकावार आकडे मिळत नाहीत. कणकुंबीचा धुवांधार पाऊस आणि अथणीकडील अवर्षण यांची एकदा सरासरी काढली की, दोन्ही कागदावरून नाहीशी होतात आणि उरते ते कोणत्याच गावाचे नसलेले मध्यम हवामान! आरोग्याचेही तसेच आहे.

केंद्रे स्थापन होतात तीही डोकी मोजून. सपाट प्रदेशात ३० हजार लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५ हजारांस उपकेंद्र; डोंगराळ भागात २० हजारांस व ३ हजारांस, असा सरकारी दंडक आहे. आता भीमगडच्या रानातील आमगाव, गवाळी, कोंगळा ही गावे डोळ्यांसमोर आणा. तेथे डोकी किती मोजणार? पावसाळ्यात ओढ्यानाल्यांना पूर आला की, रुग्णास खांद्यावरून वाहून आणावे लागते. अशा गावी लोकसंख्येचा आकडा गौण असून, आषाढात दवाखाना किती तासांवर आहे हाच खरा आकडा होय. तो कोणत्याही तक्त्यात नाही, कारण तो कोणी विचारलेलाच नाही.

विचारणे म्हणजे काय, हे गडचिरोलीने दाखवून दिले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग अथवा जननेंद्रियांचा विकार होता आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त शेकडा ८. त्या काळी स्त्रीच्या आरोग्याची सरकारी योजना म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच समज होता. या दोन गावांच्या मोजणीने तो समज जगभर हलविला. येथे भाषेचा प्रश्न येतो तो अभिमानाचा म्हणून नव्हे. आपली बाई ‘अंगावरून जाते’ एवढेच म्हणते, तेही दुसऱ्या बाईजवळ, आवाज खाली करून. हे दोन शब्द ज्याला कळत नाहीत, त्याच्या वहीत ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते.

महाराष्ट्रात गेलो की हे सारे आपोआप सुधारेल, अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. दडलेले बालमृत्यू उजेडात आणणारा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ साली निघाला तो महाराष्ट्रातच. उलट, येथील चांगले काम सांगावयास संकोच कशाला? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने याच जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १६२० बाळंतिणींची काटेकोर पाहणी केली. मिसोप्रोस्टॉलच्या स्वस्त गोळ्या गावच्या परिचारिकेने दिल्या असता, प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या उपयोगासाठी ते औषध अत्यावश्यक यादीत घेतले.

सलगतेचे म्हणाल तर रुग्ण ती रोज सिद्ध करीत असतात. अथणी-कागवाडचा रुग्ण मिरजेस जातो, निपाणीचा कोल्हापुरास, खानापूरच्या घाटमाथ्यावरचा गोव्यास. आणि चंदगडचा इकडे बेळगावास येतो. २०१८ सालापासून बांबोळीच्या शासकीय रुग्णालयात गोव्याबाहेरील रुग्णांस शुल्क लागू झाले. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांसाठी आपली जनआरोग्य योजना जाहीर करताच दोन सरकारांची जुंपली. त्या गदारोळात कोणत्या गावचे किती रुग्ण कोणत्या दवाखान्यात जातात, हा साधा प्रश्न माझ्या तरी कानी आला नाही.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव आरोग्य समिती नेमून, गावाचा आराखडा तालुक्यास व तालुक्याचा जिल्ह्यास जावा, अशी वाट कागदोपत्री तरी करून ठेविली आहे. त्या वाटेने आपण जावे. गेल्या वर्षातील जन्म आणि मृत्यू, बाळंतपण कोठे झाले, पाणी कोठून येते, दवाखाना उन्हाळ्यात किती तासांवर आणि पावसाळ्यात किती तासांवर, एवढे प्रत्येक गावी टिपावे. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांना खोकल्याविषयी वेगळे विचारावे. बायकांची चौकशी बायकांनीच करावी. कोणाचा आजार चावडीवर येता कामा नये. गावातील कन्नड घर वगळू नये. ताप भाषा विचारून येत नाही. आणि आकडा फुगवू नये. फुगविलेला एक पकडला गेला की, त्याच्याबरोबर खरे शंभर फुकट जातात. तयार झालेला तक्ता ग्रामसभेत वाचून ठरावासह तालुका आरोग्याधिकाऱ्यांकडे द्यावा व पोच घ्यावी.

जांबोटी-कणकुंबीकडील गावे मृगापूर्वी उरकली पाहिजेत, कारण मग तिकडे वाट राहत नाही. कोऱ्या वह्या येथे मेजावर ठेविल्या आहेत. जाताना प्रत्येकाने आपापल्या गावापुरती एक घेऊन जावी.