नवं मूत्रपिंड आणि घरचं ताट

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या घरात प्रत्यारोपण झालेला माणूस परत आला की पहिला प्रश्न येतो, ‘आता खायला काय द्यायचं?’ शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. पहिले तीन ते सहा महिने हा परिणाम सर्वात जास्त असतो. चार जणांना न बाधणारं अन्न या एकाला दवाखान्यात नेऊ शकतं.

म्हणून धारोष्ण दूध नको, उकळूनच द्या. मटकीला मोड आणा, पण कच्ची खाऊ देऊ नका, उसळ चांगली शिजवा. सांगली जिल्ह्यातली द्राक्षं जरूर द्या, मात्र घड सुटा करून वाहत्या पाण्याखाली मणी चोळून धुवा. शेंगदाणा निवडताना बुरशी दिसली तर तो चटणीत जाता कामा नये. मोहरमच्या ताबूतांच्या गर्दीत सरबताचा पेला प्रेमाने पुढे येतो. त्यातलं पाणी आणि बर्फ कुठला, हे कळत नाही. तो नम्रपणे नाकारावा. उसाच्या रसाचंही तेच, शिवाय प्रत्यारोपणानंतरच्या या गोळ्यांनी रक्तातली साखर वाढू शकते.

पपनस पूर्ण बंद. ते टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. आणि ‘ताकदीसाठी’ शेजारून आलेला गुळवेलीचा काढा? मला याचीच जास्त काळजी वाटते. जी प्रतिकारशक्ती डॉक्टर मुद्दाम दाबून ठेवतात, तिलाच तो चेतवू शकतो. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही देऊ नका.