जड पाण्याची साक्ष



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आम्ही रसायनशास्त्रातील विषय निवडला, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. मात्र विषयाचा आरंभ मिठागरापासून होतो, आणि मीठ कोणालाच परके नाही.

राजस्थानातील सांभर सरोवराच्या काठी राहिलेल्यांना, पाणी आटून अतिखारट झाले की त्यावर चढणारी तांबूस झाक आठवेल. अशा पाण्यात हॅलोबॅक्टेरियम नावाचे सूक्ष्मजीव सुखाने नांदतात. १९७१ साली ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस या शास्त्रज्ञांनी त्यांच्या पटलातील जांभळ्या प्रथिनाची ओळख पटविली. 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे, आपल्या डोळ्यांतही असणारे रेटिनल त्यात आढळले, म्हणून त्याचे नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन पडले. प्रकाश पडला की हे प्रथिन हायड्रोजनचा केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, पेशीतून बाहेर ढकलते. बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत येताना त्या ओघावर पेशी आपली ऊर्जा कमावते. एका प्रोटॉनच्या खेपेस साधारण सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो.

या खेपेत प्रोटॉन नेमका केव्हा हलतो, हे ओळखायचे कसे? डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. येथे समस्थानिक मदतीस येतो. हॅरॉल्ड यूरी यांनी १९३१ साली शोधलेला ड्यूटेरियम रासायनिक गुणांनी हायड्रोजनच, पण वजनाने सुमारे दुप्पट. त्याचे पाणी ते जड पाणी. आपल्या अणुभट्ट्यांत ते वापरतात, आणि त्याचा एक कारखाना रायगड जिल्ह्यात थळ येथे आहे.

उत्सवाच्या दिवशी विहिरीपासून मांडवापर्यंत माणसे रांगेने उभी राहून घागरी हातोहात देत आहेत, अशी कल्पना करू. घंटा वाजली की काम सुरू. आता कोणी गुपचूप घागरी दुप्पट जड केल्या, तर घागर उचलणाऱ्याचा वेग मंदावेल. घंटा वाजविणाऱ्याला मात्र काहीच जाणवणार नाही. अणूंच्या जगात याचे कारण थोडे वेगळे आहे. रासायनिक बंध सदैव कंप पावत असतो. जड अणूचा कंप मंद असल्याने तो ऊर्जेच्या दरीत अधिक खोल बसतो, आणि त्याला बाहेर काढण्यास अधिक ऊर्जा लागते.

जांभळे पटल जड पाण्यात ठेवून त्यावर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकला, तर हेच दिसते. रेटिनल प्रोटॉन सोडते तेव्हा जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. हा पिवळा रंग जड पाण्यात काही पटींनी उशिरा येतो. तेव्हा घागर उचलली जाते ती येथे. त्याआधी रेटिनलचे रेणू वळतात. ती क्रिया सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या निम्म्या वेळात आटोपते. ती आपली घंटा.

परंतु साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते. १९७७ साली पीटर्स, ॲपलबरी आणि रेंझेपिस यांनी डोळ्यातील ऱ्होडॉप्सिनचा अतिशीत अवस्थेत अभ्यास केला. ड्यूटेरियममुळे क्रिया मंदावल्याचे त्यांना आढळले, आणि दृष्टीची पहिली क्रिया म्हणजे प्रोटॉनचे स्थलांतर होय, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे १९९१ साली रेटिनलचे वळणे सुमारे २०० फेम्टोसेकंदांत पूर्ण होते, असे प्रत्यक्ष मोजले गेले, आणि पहिला मान वळण्याकडे गेला. मापन खोटे नव्हते, निष्कर्ष घाईचा होता.

जड पाणी केवळ त्या एका प्रोटॉनचेच वजन वाढवीत नाही, तर प्रथिनाभोवतीचे अनेक बंध बदलते. आम्लता मोजणाऱ्या साध्या उपकरणाचा आकडासुद्धा जड पाण्यात सुमारे ०.४ ने कमी येतो, आणि तो सुधारून घ्यावा लागतो. म्हणून क्रिया मंदावली एवढ्यावरून प्रोटॉन तेथेच हलला, असे मानता येत नाही. साधे व जड पाणी निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून वेग मोजावा, एकेक अमिनो आम्ल बदलून पाहावे, आणि रंगाचे बदल ताडून घ्यावेत. सर्व साक्षी जुळल्या, तरच निकाल द्यावा.

सूर्यप्रकाशापासून ऊर्जा मिळविण्याची स्वप्ने आज जगभर पाहिली जात आहेत. मिठागरातील हा अदृश्य जीव ते काम केव्हापासून मुकाट्याने करीत आहे. त्याचे गुपित त्याच्या गतीत आहे. ती गती थोडी मंद करून, धीराने पाहणाऱ्यालाच ते उमगते.