नाव कोणाचे, बळ कोणाचे?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. मी आज एका अमेरिकन मोटारीबद्दल बोलणार आहे. तिचे नाव डॉज चॅलेंजर. चालकांनी हा विषय मान्य केला याबद्दल त्यांचे आभार. माझे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. परंतु आमच्या संघटनेत मोटारीचे सुटे भाग करणारी पुष्कळ तरुण मुले आहेत. त्यांना असल्या गाड्यांचे विलक्षण वेड आहे. जेवणाच्या सुटीत डबा निवेपर्यंत ती ज्या वादावर भांडतात, तो वाद मुळातून समजून घ्यावा असे मला वाटले.

डॉज हे नाव आपल्याला नवे नाही. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने क्राइस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ मोटारी जुळवल्या होत्या. ज्यांनी जुनी मुंबई पाहिली आहे त्यांना त्या आठवत असतील. पण मी म्हणतो ती गाडी त्यांच्यापैकी नव्हे. ती अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात त्यांच्यातली. मसल म्हणजे स्नायू, म्हणजे बळ. कृती साधी होती. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यावयाची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवावयाचे. १९६४ ची पाँटियाक जीटीओ ही या पंथाची पहिली गाडी असे बहुतेक लोक मानतात. चॅलेंजर आली १९७० सालचे मॉडेल म्हणून. तिच्यात हवे तर ४२६ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे ‘हेमी’ इंजिन मिळे. कंपनी त्याची ताकद ४२५ अश्वशक्ती सांगे. प्रत्यक्षात हे इंजिन घेणारे फार थोडे; पहिल्या वर्षी साडेतीनशेच्या आसपासच तशा गाड्या निघाल्या. आज त्या अवाढव्य किमतीला विकल्या जातात.

हे वैभव चारपाच वर्षांचेच ठरले. तरुणांच्या असल्या गाड्यांवर विमा कंपन्यांनी भारी हप्ते लावले. १९७० साली अमेरिकेत हवा स्वच्छ राखण्याचा कायदा कडक झाला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. १९७४ मध्ये चॅलेंजर बंद पडली. पाच वर्षांत सगळ्या मिळून सुमारे १ लाख ६५ हजार गाड्या निघाल्या होत्या. पुढे १९७८ पासून काही वर्षे क्राइस्लरने जपानच्या मित्सुबिशीची एक लहान गाडी चॅलेंजर म्हणून विकली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! नाव हे कंपनीच्या मालकीचे असते आणि ती ते वाटेल त्या पत्र्यावर डकवू शकते, एवढे त्यावरून ध्यानात ठेवा.

आता पुनर्जन्माची कथा. जानेवारी २००६ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात नव्या चॅलेंजरचा नमुना मांडला गेला आणि २००८ मध्ये गाडी बाजारात आली. रूप थेट १९७० चे. तेच लांब नाक, तोच मागच्या चाकावरचा फुगवटा. इंजिन ६.१ लिटरचे, त्यालाही हेमीच म्हटले. आणि ताकद किती? पुन्हा ४२५ अश्वशक्ती! आकडा तोच, माप मात्र वेगळे. जुन्या काळी इंजिन एकटे बाकावर ठेवून ताकद मोजत. १९७२ पासून ते गाडीत बसवल्यावर असते तसे, सर्व सामग्री जोडून मोजू लागले.

येथून शौकिनांचे दोन पक्ष झाले. जुना पक्ष म्हणतो, ही नक्कल आहे. चाकांमधले अंतर ११० इंचांचे ११६ इंच झाले, वजन एकोणीसशे किलोंच्या घरात गेले, खालचा सांगाडा चार दारांच्या गाडीचा, त्यातले काही भाग मर्सिडीजच्या घराण्यातले. हिला वारस कसे म्हणावे? नवा पक्ष उत्तर देतो, ही जुनीपेक्षा वेगवान आहे, थांबवली की थांबते, अपघातात माणसाचा जीव वाचवते. जुनी गाडी कोणी चालवून तरी पाहिली आहे काय? दत्तकविधानाच्या खटल्यात दोन्ही बाजूंचे वकील बोलतात तसा हा प्रकार आहे, आणि मला विचाराल तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. नवी गाडी लोकांनी उचलून धरली हेही खरे. २०२१ मध्ये अमेरिकेत तिचा खप मस्टँग आणि कॅमारो या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांहून अधिक झाला. डिसेंबर २०२३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या मागून चार्जर या दुसऱ्या जुन्या नावाची विजेवर चालणारी गाडी आली. तिला तर इंजिनाचा आवाज यावा म्हणून यंत्राने गर्जना करावयास लावली आहे. तेव्हा वाद आणखीच पेटला.

मंडळी, या वादात इंच मोजले गेले, किलो मोजले गेले, आवाजसुद्धा मोजला गेला. परंतु ज्या हातांनी ती गाडी केली त्यांची मोजदाद मला क्वचितच आढळली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! बळाची गाडी म्हणता, तर ते बळ कोणाचे होते, हा प्रश्न मी विचारतो. माझा धंदाच तो आहे.

जुनी चॅलेंजर मुख्यतः डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅम्क गावी, ‘डॉज मेन’ या कारखान्यात जुळवली जाई. डॉज बंधूंनी १९१० मध्ये तो उभारला. १९३७ मध्ये तेथे कामगारांनी यंत्रांशेजारी बसून संप केला आणि संघटनेची मान्यता मिळवली. चॅलेंजर येण्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी, २ मे १९६८ रोजी, त्याच कारखान्यात सुमारे चार हजार कामगार संघटनेच्या परवानगीवाचून बाहेर पडले. कारण काय? लाइनचा वेग वाढवला होता. संपात काळे-गोरे दोघेही होते, पण शिक्षेचा भार काळ्यांवर पडला. त्यातून काळ्या कामगारांनी स्वतःची चळवळ उभी केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की ‘ड्रम’ होते. त्यांचा ढोल कंपनीविरुद्ध वाजत होता, तसाच त्यांच्याकडे लक्ष न देणाऱ्या संघटनेविरुद्धही वाजत होता. आम्हा संघटनावाल्यांनी हे विसरू नये.

क्राइस्लरच्या गाड्यांचे आस आणि दातेरी चाके डेट्रॉइटच्या एल्डन अव्हेन्यू कारखान्यात होत. तेथे जुलै १९७० मध्ये एका कामगाराने निलंबित केल्याच्या दिवशी बंदूक आणून तिघांचा जीव घेतला. खुनाचे समर्थन कोणी करू नये, मीही करीत नाही. परंतु खटल्यात ज्युरींना तो कारखाना दाखवण्यास नेले. तेथली परिस्थिती डोळ्यांनी पाहिल्यावर, या माणसाचे मन ठिकाणावर नव्हते म्हणून तो दोषी नाही, असा निर्णय त्यांनी दिला. १९७० च्या ज्या गाड्या आज काचेच्या पेटीत ठेवल्यासारख्या जपतात, त्या या वातावरणात तयार झाल्या.

डॉज मेन १९८० च्या आरंभी बंद झाला आणि पुढे जमीनदोस्त केला. त्या जागेवर आणि शेजारच्या पोलटाउन वस्तीवर जनरल मोटर्सचा कारखाना आला. त्यासाठी सरकारी अधिकार वापरून सुमारे चार हजारांवर माणसे घरातून उठवली. नाव परत आणावयाचे ठरले तेव्हा परत जाण्यास जुने घरच उरले नव्हते.

नवी चॅलेंजर जन्मली ती कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन गावी. हे गाव भारतीयांना, विशेषतः पंजाबी मंडळींना, परके नाही. पंधरा वर्षे तेथे ही गाडी निघाली. नमुना मांडल्यापासून कारखान्यावर मालक किती बदलले पाहा. आरंभी जर्मन भागीदारी, मग एक गुंतवणूक कंपनी, २००९ मध्ये दिवाळे आणि सरकारी मदत, मग इटलीची फियाट, आणि २०२१ पासून स्टेलांटिस. मालक बदलले, नाव टिकले. गाडी बंद झाली तेव्हा सुमारे तीन हजार कामगार घरी बसले.

त्यांना आश्वासन होते. २०२२ मध्ये कॅनडाचे केंद्र सरकार आणि ओंटारिओ प्रांत यांनी मिळून ब्रॅम्प्टन व विंडसर येथील कारखान्यांसाठी शंभर कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत मदत जाहीर केली. ब्रॅम्प्टनला जीप कंपास ही गाडी देण्याचे ठरले. यंत्रे बदलण्याचे काम सुरू झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते थांबले. एप्रिलमध्ये अमेरिकेने परदेशी मोटारींवर २५ टक्के जकात बसवली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले, की कंपास आता अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या बेल्व्हिडिअर येथे होईल.

येथे माझ्यासारख्या माणसाची खरी परीक्षा आहे. बेल्व्हिडिअरचे कामगार काही शत्रू नव्हेत. त्यांचा कारखाना फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद पडला होता. त्याच वर्षी सप्टेंबरपासून अमेरिकन संघटनेने सहा आठवडे संप केला आणि तो कारखाना पुन्हा उघडण्याचे वचन कंपनीकडून घेतले. तो विजय न्याय्यच होता. परंतु कंपनीने एका फाटकावरचे कुलूप काढून दुसऱ्या फाटकावर लावले. एके काळी दोन्ही देशांचे मोटार कामगार एकाच संघटनेत होते. १९८५ मध्ये ते वेगळे झाले. आज एकाच्या पानात पडले ते दुसऱ्याच्या पानातून उचललेले असते, आणि वाढणारा मात्र एकच आहे.

हे फार दूरचे आहे असे कोणी समजू नये. तीच जीप कंपास २०१७ पासून आपल्या पुणे जिल्ह्यात, रांजणगावला होऊ लागली. उद्या लंडन, पॅरिस किंवा डेट्रॉइटच्या टेबलावर एखादी रेघ सरकली, तर ती कोणाच्या चुलीवरून जाईल हे ब्रॅम्प्टनने आपल्याला आगाऊ सांगून ठेवले आहे.

यावर कोणी म्हणेल, मग काय जुनीच गाडी जन्मभर करावयाची? नाही. धुराचे कायदे हवेतच. ती हवा प्रथम कामगारवस्तीच्याच छातीत जाते. विजेची गाडीही येणारच. माझे मागणे साधे आहे. सरकार जनतेचा पैसा देते तेव्हा करारात कामगारांची संख्या, कामाची वर्षे आणि वचनभंग झाल्यास परतफेड ही कलमे पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावीत. एकाच कंपनीत काम करणाऱ्या वेगवेगळ्या देशांतल्या संघटनांनी एकमेकींचे करार वाचावेत आणि वाटाघाटींपूर्वी एकमेकींशी बोलावे. रांजणगावने ब्रॅम्प्टनला पत्र लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

आणि शौकीन तरुणांना माझे सांगणे आहे, की वाद घालणे थांबवू नका. वस्तूवर प्रेम करणारा माणूस मला आवडतो. ज्याला चांगल्या कामाची पारख आहे तोच चांगले काम करतो. फक्त इंच आणि अश्वशक्ती यांच्या यादीत एक प्रश्न वाढवा. ही कोणी केली, आणि तो आता कुठे आहे? डॉज मेनच्या माणसाला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही. ब्रॅम्प्टनच्या माणसाला विचारण्याची वेळ अजून गेलेली नाही.