लोकरीवर मेंदीचा रंग

मेंदीचा रंग तळहातावर चढतो हे भारतात लहान मुलालाही ठाऊक असते. तोच रंग लोकरीवर कसा चढतो, आणि एकाच पोत्यातील पाल्याने रंगविलेल्या दोन लडींपैकी एक नारिंगी व दुसरी काळपट तपकिरी का निघते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. गालिचा विणणाऱ्याची लोकर निम्म्या कामावर संपली आणि नव्याने रंगविलेली लोकर आधीच्या लोकरीशी जुळली नाही, तर तो गालिचा कमी किमतीत विकावा लागतो. कारखान्यातील कृत्रिम रंगांनी रंगाऱ्याचा धंदा बळकावला तो स्वस्ताईमुळे तर खराच, परंतु त्याहून अधिक या एका गुणामुळे: आज मिळालेली छटा त्यांच्यापासून उद्याही मिळते. वनस्पतिज रंगांना पुन्हा मागणी येऊ लागली असताना मेंदीला हे साधते काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम झाडाविषयी थोडे. लिनीअसने 1753 मध्ये त्याला ‘लॉसोनिया इनर्मिस’, म्हणजे बिनकाट्याची लॉसोनिया, असे नाव दिले. जून फांद्यांना काटे येतात, म्हणून त्याच ग्रंथात काटेरी मेंदीची आणखी एक जातही त्याने नोंदविली. पुढे दोन्ही झाडे एकच ठरली. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजत हा तालुका मेंदीच्या शेतीसाठी प्रसिद्ध असून ‘सोजत मेंदी’ला 2021 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. पावसावर वाढणारे हे पीक एकदा लावले की वर्षानुवर्षे उभे राहते, आणि पावसाळा सरल्यावर त्याचा पाला कापला जातो.

पाल्यातील मुख्य रंगद्रव्य म्हणजे लॉसोन. रसायनशास्त्राच्या भाषेत ते नॅफ्थोक्विनोन वर्गातले आहे. वाळलेल्या पाल्यात त्याचे प्रमाण शेकडा एक ते दीड इतकेच भरते. म्हणजे किलोभर पाल्यात दहा ते पंधरा ग्रॅम. त्यातही ताज्या पानात ते बहुतांशी शर्करेशी बांधलेल्या रूपात असते. पान वाटून पाण्यात भिजवले की हे बंध सुटतात आणि रंग मोकळा होतो. वाटलेली मेंदी लिंबाच्या रसात रात्रभर भिजत ठेवण्याची घरगुती रीत याच क्रियेला मदत करते. लॉसोनखेरीज पाल्यात टॅनिने असतात, आणि रंगाऱ्याचा बराचसा गोंधळ याच जोडीदारांनी माजविलेला असतो. पाला मंद आचेवर थोडाच वेळ ठेवला तर काढ्यात नारिंगी अंश प्रबळ राहतो. तास-दोन तास खदखदा उकळला तर टॅनिने भरपूर उतरतात व रंग तपकिरीकडे झुकतो.

तळहाताची त्वचा आणि लोकर या दोन्ही वस्तू केराटिन नावाच्या प्रथिनाच्या बनलेल्या आहेत. कापसाच्या सुतावर मेंदी फिकी व कच्ची बसते, लोकरीवर मात्र कोणत्याही रंगबंधकाशिवायही बसते, याचे कारण हेच. केराटिनमध्ये जे अमिनो गट असतात त्यांच्यावर आम्लधर्मी पाण्यात धनभार येतो. लॉसोन स्वतः सौम्य आम्ल असल्याने ते ऋणभारित होऊ शकते, आणि मग दोहोंची ओढ स्वाभाविक असते.

येथे अशी एक गोष्ट घडते की जी नवख्या रंगाऱ्याला हमखास चकविते. मेंदीच्या काढ्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला तर काढा पाहता पाहता लालभडक होतो. पाल्यातून रंगही अधिक उतरतो, कारण क्षारयुक्त पाण्यात लॉसोन सहज विरघळते. पाहणाऱ्यास वाटते, आता लोकर गडद होणार. प्रत्यक्षात ती फिकी निघते. क्षारात लोकरीवरही ऋणभार येतो, तो ऋणभारित रंगाला दूर लोटतो, आणि रंग पाण्यातच राहतो. उलट त्याच काढ्यात लिंबाचा रस, चिंचेचे पाणी किंवा व्हिनेगर घातले तर काढा पिवळट व निस्तेज दिसू लागतो. पण लोकर मात्र तो रंग ओढून घेते. सामू, म्हणजे पीएच, तीन ते चारच्या आसपास असताना हे शोषण उत्तम होते. भांड्यातील पाण्याच्या रंगावरून लोकरीच्या रंगाचा अंदाज बांधू नये. सोड्याला दुसरेही एक दूषण आहे: गरम क्षारात लोकरीचा तंतूच झिजतो. ज्याला लालसर छटा हवीच असेल त्याने आम्लयुक्त काढ्यात रंगवून झाल्यावर लोकर अगदी सौम्य व थंड क्षारजलात क्षणभर बुचकळावी. तिच्यावर बसलेले लॉसोन तांबूस दिसू लागते. मात्र हा तांबूसपणा टिकाऊ नसतो. आंबट पाण्याचा स्पर्श झाला की तो पुन्हा मागे सरतो.

उष्णतेची कथा वेगळी. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. पाणी कोमट असेपर्यंत ते रंगाला फारसा वाव देत नाहीत. साठ अंशांच्या पुढे तंतू फुगतो आणि रंग आत शिरू लागतो. उकळीच्या थोडे खाली, सुमारे नव्वद अंशांवर, पाऊण ते एक तास ठेवल्यास तो गाभ्यापर्यंत पोहोचतो. घाई करून लड एकदम उकळत्या काढ्यात टाकली तर बाहेरचे पदर सगळा रंग पिऊन टाकतात, आतले कोरडे राहतात आणि लड ठिपकेदार होते. म्हणून लोकर आधी भिजवून कोमट काढ्यात सोडावी व आच हळूहळू वाढवावी. उतरवतानाही तीच सबुरी हवी. गरम लोकर थंड पाण्यात टाकून चोळली की खवले एकमेकांत गुंततात आणि सुताऐवजी काश्मिरी नमद्याचा तुकडा हाती येतो.

रंगबंधकांविषयी पुष्कळ बोलता येईल. त्यांतील दोनच महत्त्वाचे. लोकरीच्या वजनाच्या शेकडा दहा ते पंधरा इतकी तुरटी वापरून लोकर आधी उकळून घेतली तर मेंदीची छटा उजळ, पिवळसर नारिंगी होते. हिराकस वापरले तर चित्र पालटते. लोहाचा टॅनिनाशी संयोग होऊन काळपट द्रव्य तयार होते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत ती याच तत्त्वावर. मेंदीची लोकर मग गडद तपकिरी किंवा काळसर हिरवट होते. हिराकस शेकडा दोन-तीनच्या पलीकडे नेऊ नये, कारण लोहाने लोकर खरखरीत व ठिसूळ होते. आणि हिराकस न घालताही लोह काढ्यात शिरू शकते. लोखंडी कढई, गंजलेली बादली, कूपनलिकेचे लोहयुक्त पाणी यांपैकी एकही पुरेसे असते. आरंभी उल्लेखिलेल्या दोन विजोड लडींचे गूढ पुष्कळदा भांड्यातच सापडते. कलई केलेले अथवा स्टेनलेस स्टीलचे भांडे आणि शक्य असेल तेव्हा साठविलेले पावसाचे पाणी हा उपाय सोपा आहे. क्रोमक्षारांनी पक्के रंग मिळतात हे खरे. परंतु ते विषारी आहेत, आणि त्यांचे सांडपाणी विहिरीजवळ ओतणाऱ्याने आपला माल ‘नैसर्गिक’ म्हणून विकावा यासारखी विसंगती नाही.

लोकरीची स्वतःची प्रकृतीही पाहावी लागते. बिकानेरकडची मगरा लोकर पांढरी व चमकदार असते. तिच्यावर मेंदी खुलते. राजस्थानात पावसाळ्याच्या दमट उन्हात वाढलेल्या लोकरीवर जो पिवळा डाग पडतो तो धुऊन जात नाही आणि फिक्या निळ्या-गुलाबी रंगांना ती लोकर निरुपयोगी ठरते. मेंदीच्या नारिंगी-तपकिरी छटांत मात्र हा दोष सहज लपतो. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीवर, जिची घोंगडी होते, मेंदी दिसणारच नाही. लोकर कोणतीही असो, तिच्यातील चरबी सौम्य साबणाने काढून टाकलेली असली पाहिजे; चरबी राहिली तेथे रंग राहात नाही.

वनस्पतिज रंग पक्केच असतात असे विक्रेते सांगतात. मेंदीचा रंग धुण्यात बराच टिकतो, उन्हात मात्र विटतो, आणि क्षारयुक्त साबणाने त्याची छटा बदलते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितलेले बरे. खिडकीपाशी अंथरलेला गालिचा दोन उन्हाळ्यांनंतर ते सांगणारच आहे.

छटा पुन्हा मिळवायची असेल तर रंगाऱ्याला वहीच हवी. पाला कोणत्या वर्षाचा, लोकरीच्या किलोमागे किती, पाणी किती, आंबटपणा कशाने व किती आणला, आच किती वेळ, भांडे कोणते, हे लिहून त्यापुढे सुताचा एक तुकडा टाचावा. तुकडा त्याच दिवशी टाचू नये. रंगविलेली लोकर हवेत एक-दोन दिवस थोडी गडद होत जाते, जशी हातावरची मेंदी दुसऱ्या दिवशी गडद होते. गालिच्यासाठी लागणारी सर्व लोकर शक्यतो एकाच भांड्यात रंगवावी, आणि ते न जमल्यास निरनिराळ्या खेपांच्या लडी विणताना आलटून पालटून घ्याव्यात. पहिल्या लडी काढल्यावर उरलेला काढा फेकू नये. त्यात दुसऱ्यांदा लोकर टाकली तर बदामी रंग येतो, तिसऱ्यांदा मळकट सायीचा, आणि त्या फिक्या छटा गालिच्याच्या किनारीला उपयोगी पडतात.